अनुमावशीची प्लेट

लग्नाची पंगत बसली होती. पानावर भात पडला होता, वरणवाला दोन पानं पलीकडे होता, आणि माझ्या शेजारी बसलेली बाई एकदम उठली. मला वाटलं ठसका लागला. पण ती तरातरा मांडवाबाहेर गेली, नवरदेवाची फुलांनी मढवलेली जीप नुकतीच येऊन उभी राहत होती, तिच्या पुढ्यात आडवी झाली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "बंद कर. आधी बंद कर. याच्यात इंजिन कोनं बसवलं?"

मुलाकडची माणसं हबकली. बाशिंग बांधलेला नवरदेव खाली उतरावं की बसून राहावं या विचारात अर्धा उभा. बँडवाले वाजवायचे थांबले. ही आपली हात कमरेवर ठेवून सांगतेय, "इंजिन अन् गिअरबॉक्स एका लाइनीत नाई. तुमाले ऐकू येऊन नाई राहिलं का? रडून राहिली गाडी." शेवटी फुलांच्या माळा बाजूला सारून बॉनेट उघडलं. खाली वाकून पाहिलं तर दोन बोल्ट हाताने फिरत होते! मुलाचे मामा जे रुसले ते रुसलेच, पण नवरी सासरी दुसऱ्या गाडीने गेली. मावशी परत येऊन पानावर बसली आणि वरणवाल्याला म्हणाली, "माह्या पानावर वरन नाई आलं."

ही अनसूया गायधने. भिलाईच्या कॅम्प-1 मध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. सगळ्यांची अनुमावशी. तिने आयुष्यभर लोकांना असे धक्के दिले, आणि मला दिलेला धक्का तर अजून उतरलेला नाही.

तिचं काम काय, ते आधी सांगतो. एखाद्याची जुनी गाडी असते. बॉडी दणकट, जीव जडलेला, पण इंजिन बसलेलं. मग एखाद्या नव्या, अपघातात मोडीत निघालेल्या गाडीचं इंजिन आणून तिच्यात टाकतात. आमच्या भिलाईतल्या सुपेला भागात हे काम करणारे पाच-सहा मिस्त्री आहेत. अडचण अशी, की नव्या इंजिनाचं तोंड आणि जुन्या गिअरबॉक्सचं तोंड जुळत नाही. भोकं एकीकडे, बोल्ट दुसरीकडे. मध्ये एक जाड लोखंडी प्लेट लागते, एका बाजूने इंजिनाला बसेल आणि दुसऱ्या बाजूने गिअरबॉक्सला. तिचं सेंटर केसभर चुकलं तर क्लच नीट सुटत नाही, गाडी गचके खाते, महिनाभरात सगळं खिळखिळं होतं. ती प्लेट करणारी अख्ख्या भिलाईत एकच, आमची मावशी. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचं लोखंड कातायचं लेथ मशीन होतं. प्रत्येक प्लेटवर ती नंबर ठोकायची आणि खाली 'अ. गा.'

ती लेथवर कशी आली, हीसुद्धा एक गंमत. नवरा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये होता, आजारात गेला, त्याच्या जागी हिला लावून घेतलं. भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याची पोर, सातवी शिकलेली. मशीन शॉपमध्ये झाडू आणि चहा, एवढंच काम दिलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडायचे तेव्हा ही डबा मांडीवर ठेवून लेथकडे बघत बसायची. दोन वर्षं बघितलं. एक दिवस लेथवाला आला नाही, काम अडलं, फोरमन वैतागून फोनवर ओरडत होता. तो ओरडून वळला तर मशीन चालू आणि मावशी बुश, म्हणजे यंत्रातली लोखंडी कडी, कातून राहिलेली! त्याने म्हणे डोक्याचं हेल्मेट काढून हातात घेतलं आणि तसाच उभा राहिला. बुश मापात होता. पुढे त्याच मशीनवरून ती रिटायर झाली.

गल्लीला तिने त्याहून मोठा धक्का दिला तो बांगड्यांचा. नवरा गेल्यावर हात मोकळे झाले, ते बायकांनी गृहीतच धरलं होतं. आणि एका रविवारी मावशी दोन्ही हातांत डझनभर हिरव्या बांगड्या घालून नळावर आली. माझी आई घागर तशीच भरू देऊन बघत राहिली, पाणी वाहून गेलं. कोणीतरी धीर करून विचारलंच. मावशी म्हणाली, "नवरा गेला म्हनून काहाडल्याच नव्हत्या मी. लेथवर चालत नाईत म्हनून काहाडल्या. आज मशीनले सुट्टी हाय." त्यानंतर दर रविवारी बांगड्या. सोमवारी पहाटे त्या खुंटीवर. बायका वर्षभर कुजबुजल्या आणि मग त्यांना सवय झाली.

आता तिची जी गोष्ट मला भोवली, ती सांगतो. मावशी कोणाचंही काम दुसऱ्यांदा तपासत नसे. स्वतःचं दहादा तपासायची, अंगठा फिरवून फिरवून. पण दुसऱ्याने 'झालं' म्हणून सही दिली, की तिच्या लेखी ते झालं. प्लांटची शिस्त ती. मशीनमध्ये कोणी उतरणार असेल तर आधी वीजवाला वीज तोडतो आणि कागदावर सही करून देतो. सही मिळाली की माणूस हात घालतो. मावशी तो कागद खिशात टाकून बेधडक आत वाकायची. बाकीचे निदान एकदा बटण दाबून बघत.

"अन् त्यानं खोटी सही केली तं, मावशी?" मी एकदा विचारलं होतं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही घाण बोललो. "मंग प्लांट कसा चालन बापा?"

घरीही तेच. सून रत्ना म्हणाली 'गॅस बंद केला', की मावशी उठून बघायची नाही. घरी तिने स्वतःचा एक नियम काढला होता. नवं इंजिन म्हणजे गाडी जड होणार आणि जोरात पळणार. जुने ब्रेक तिला आवरणार नाहीत. म्हणून ब्रेक नवे बसवल्याचा सहीचा कागद आणल्याशिवाय ती प्लेट हातात देत नसे. वहीचं फाडलेलं पान चालायचं, पण सही पाहिजे. आणि दुसरा नियम, प्लेट जिची, पहिल्या फेरीला गाडीत ती. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या बाजूला. कितीही काम असलं तरी.

माझ्या वडिलांची अँबेसेडर होती. मी स्वतः रेल्वेत, दुर्ग लाइनीवर मालगाडीचा गार्ड. हे मुद्दाम सांगतो. मालगाडी सुटण्याआधी तिच्या ब्रेकचा एक सहीचा कागद बनतो. तो हातात पडल्याशिवाय मी कधी गाडी हलू दिली नाही. स्टेशन मास्तर बोंबलला तरी नाही. मावशीला याचं फार कौतुक होतं.

वडील पंच्याऐंशीचे झाले होते. दिवाळी सरली, तुमसरच्या पुढे आमचं गाव आहे, तिथली मंडई आठवड्यावर आली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते, सगळे भाऊबंद येतात. बाबांनी धोशा लावला, की मंडईला जायचं तर आपल्याच गाडीने. पुढच्या वर्षाचा भरवसा नाही. गाडी सुपेल्याला पप्पू मिस्त्रीकडे होती, नवं इंजिन येऊन पडलं होतं, मावशीची प्लेटही तयार होती. अडलं होतं ते ब्रेकपाशी. ब्रेकचं सामान रायपूरहून यायचं होतं.

पप्पू म्हणाला, "भैया, सामान परसों पक्का आ जाएगा. आप साइन करके प्लेट ले आओ, तब तक मैं इंजन बैठा देता हूँ. टाइम बचेगा."

आणि मी सही केली. वहीच्या पानावर लिहिलं, चारही चाकांचे ब्रेक नवे बसवले, आणि खाली माझं नाव. मनाशी म्हटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न, परवा खरं होईलच. मावशीने कागद वाचलासुद्धा नाही. घडी करून कपाटात ठेवला. "तुही सही म्हंजे हिरवा सिग्नल," म्हणाली आणि प्लेट माझ्या हातात दिली. फडक्यात गुंडाळलेली, तेल लावलेली.

सामान आलं ते चुकीच्या मापाचं. परत गेलं. आणि सही केल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी मी गॅरेजमध्ये गेलो तर पप्पूने इंजिन सुरू केलेलं, आणि मावशी पुढच्या सीटवर बसलेली. मंडईला जाणार आहोत हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती आपणहून आली होती.

"चाल, पहिली फेरी मारू. आवाज पाय कसा गोड हाय."

त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. 'मावशी, ब्रेक जुनेच आहेत', एवढंच वाक्य. पप्पू माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. लाज वाटली, दुसरं काही नाही. सही करून चार दिवस झाले होते, आता कोणत्या तोंडाने सांगू? हळू चालवीन, असं ठरवून मी स्टिअरिंगवर बसलो.

गाडी काय पळत होती म्हणून सांगू! मावशी लहान पोरीसारखी खूश. ओव्हरब्रिज चढताना गिअर बदलावा लागला नाही. उतारावर पुढे एक माणूस सायकलला गॅसची टाकी बांधून चालला होता. मी ब्रेक दाबला. गाडी किंचित दबली आणि तशीच पुढे गेली. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गिअर उतरवायला गेलो तर घाबरून क्लच अर्धाच दाबला गेला आणि नुसता खरखर आवाज आला. सायकलवाल्याने मागे वळून पाहिलं, त्याचा चेहरा मला अजून दिसतो. मी स्टिअरिंग ओढलं आणि गाडी रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगात घुसली.

मला खरचटलंही नाही. मावशीने उजवा हात पुढे टेकवला होता, सगळा भार त्याच्यावर आला. मनगटाचा चुरा झाला होता आणि दोन बोटं उलटी वळली होती. ती ओरडली नाही. म्हणाली, "सायकलवाला वाचला ना?"

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हात राहील, पण या हाताने बारीक काम आता विसरा. रत्ना रडायला लागली. मावशी छताकडे बघत होती. मला म्हणाली, "विनायक, माही प्लेट हुकली रे."

मला कळेना. "काय?"

"गिअरची खरखर ऐकली ना तू? सेंटर हुकलं माहं. क्लच सुटला नाई अन् इंजिन गाडीले ढकलत राहिलं. नाई तं ब्रेक नवे असून गाडी थांबत नाई म्हंजे काय?"

माझ्या सहीवर तिचा इतका विश्वास होता, की तिने स्वतःचा हात चुकला असं धरून चालायला सुरुवात केली होती. चाळीस वर्षांचा हात! आणि मी काय बोललो? "तुले आराम कर म्हनते डॉक्टर," असं म्हणून घरी गेलो. चार दिवस गेलो नाही. ड्युटीवर होतो म्हणून सांगितलं. ते मात्र खरं होतं, मी मागून घेतलेली ड्युटी होती ती.

पाचव्या दिवशी गेलो तर शेडसमोर तीन-चार गाड्या उभ्या. रत्ना फोनवर कोणाला तरी सांगत होती, "नाही, नाही, चालवूच नका. मावशी सांगून राहिली." मावशीने वही काढायला लावली होती. जिथे जिथे तिची प्लेट गेली, त्या चाळीसेक माणसांना एकेक फोन. माझ्या प्लेटमध्ये खोट आहे, गाडी उभी करा. काही प्लेटा दहा-दहा वर्षं धावत होत्या, कुणाचीच तक्रार नव्हती, तरी! कुणाची भाड्याची जीप होती, कुणाची शाळेच्या पोरांची व्हॅन. चार दिवसांत अर्ध्या कॅम्प-1 चं पोट तिने थांबवलं होतं.

व्हॅनवाला माझ्यासमोरच आला आणि नाही नाही ते बोलला. म्हातारी झाली तर मशीन बंद करायचं होतं, माझ्या गाडीत बावीस लेकरं बसतात, त्यांना काही झालं असतं तर? मावशी खाटेवरून उठली. प्लास्टरातला हात उचलला, डावा त्याला लावला आणि त्याला नमस्कार केला. "चुकलं भाऊ माहं. माफ कर."

जिने नवरदेवाची जीप अडवली होती, ती बाई माझ्या खोटेपणापायी एका परक्या माणसापुढे हात जोडून उभी होती. तो माणूस जायची वाट न बघता मी बोललो, "मावशी, प्लेट हुकली नाई. ब्रेक जुनेच होते. मी खोटी सही केली. गिअरबी माह्याच पायानं अडकला."

व्हॅनवाला माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, आता चप्पल काढेल. काढायला हवी होती. मावशी खाटेवर बसली आणि शांत आवाजात विचारलं, "तुह्या मालगाडीच्या कागदावरबी अशीच करतो का सही?"

"नाई मावशी. देवाशप्पत. कधीच नाई."

"मंग माह्याच कागदावर कावून केली?"

उत्तर मला माहीत होतं. रेल्वेचा कागद सरकारी होता, त्यावर शिक्का होता, चूक झाली तर नोकरी जाणार होती. मावशीचा कागद म्हणजे वहीचं पान. घरची बाई, सातवी शिकलेली, तिचा कसला नियम, असं कुठेतरी मला वाटत असणार. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं आणि माझी मलाच शिसारी आली.

तिने माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. रत्नाला म्हणाली, "फोन आन. सगळ्याइले परत लाव. प्लेट चांगली हाय म्हना, चालवा." व्हॅनवाल्याने खालच्या मानेने विचारलं, मग गाडी कशाने ठोकली म्हणून सांगू लोकांना? मी तिथेच उभा होतो. मावशी म्हणाली, "ब्रेकनं." एवढंच. माझं नाव तिने कुणापुढेही काढलं नाही, आणि त्यामुळे मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंडई त्या वर्षी आमच्याशिवाय झाली. मी महिनाभराने नेहरू नगरच्या नव्या घरी राहायला गेलो, बाबांना घेऊन. योग्य मापाचं सामान आलं, पप्पूने चारही ब्रेक बसवले. मावशीचं प्लास्टर निघालं, पण बोटं मिटत नव्हती. मशीन तिने विकायला काढलं आणि गावी बहिणीकडे जायचं ठरवलं. ती गावी गेली त्याला आता तीन वर्षं झाली. फोन केला तर रत्ना सांगते, बरी आहे. ती स्वतः फोनवर येत नाही.

जाण्याआधीच्या रविवारी सकाळी ती आमच्या फाटकात उभी होती. एकटी, रिक्षाने आलेली. बाबा व्हरांड्यात खुर्चीवर होते, त्यांना तिने नमस्कार केला. मला म्हणाली, "पहिली फेरी पुरी नाई झाली."

मी धावत आत गेलो आणि पप्पूने दिलेला कागद घेऊन आलो. त्यावर त्याची सही होती, खाली मीही केली होती, यावेळी खरी. दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. त्याच्याकडे पाहिलंही नाही. चष्मा काढून माझ्या हातात दिला, लुगड्याचा काष्टा खोचला, आणि पासष्ट वर्षांची ती बाई आमच्या अंगणाच्या फरशीवर उताणी झोपली आणि घसरत घसरत गाडीखाली शिरली. मला 'अरे अरे' म्हणायलाही वेळ मिळाला नाही. माझी बायको दारात येऊन थिजली. शेजारचे गच्चीवरून बघत होते.

आतून तिचा आवाज आला, "टॉर्च दे."

मी वाकून दिला. बाहेर तिची फक्त पावलं दिसत होती, टाचांना भेगा पडलेल्या. ती एका चाकाकडून दुसऱ्याकडे सरकत होती, डाव्या हाताने पाइप ओढून बघत होती, ठोकून बघत होती. एक चाक झालं. दुसरं झालं. फार वेळ लागत होता, आणि ती घाई करत नव्हती.

बाबांना नीट दिसत नाही. त्यांनी व्हरांड्यातून विचारलं, "काय पाहून राहिली रे ते?"

"माही सही, बाबा," मी म्हणालो.